वस्तादाने दिलेला वार

निर्मलच्या आसपासच्या मुलखातील खनिजापासून मुशीत सिद्ध होणारे पोलाद खरीदण्यासाठी इराणचे व्यापारी गोदावरीच्या दक्षिणेकडील कोनसमुद्रम् येथील भट्ट्यांपर्यंत येत असत, हे डॉ. व्हॉयसी यांच्या १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतावरून कळते. आणि निर्मल २०१६ पर्यंत ज्या जिल्ह्याच्या अंमलाखाली होते, त्या आदिलाबादच्या वाचकाला खड्गविद्येविषयी आस्था वाटण्यास एवढे कारण पुरेसे आहे. परंतु उत्तम पोलाद पदरी असणे निराळे आणि ते चालविण्याची विद्या अंगी असणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचे मर्म निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'द लीजेंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या मालिकेने फार चांगले ओळखले आहे, असे माझे मत आहे.

१९८६ च्या पहिल्या खेळात नायकाजवळ साधा वार होता. १९८७ च्या दुसऱ्या खेळात, उडी घेऊन खाली व वर तलवार खुपसण्याची कला त्याला गावांतील योद्ध्यांकडून मिळवावी लागली. आणि १९९१ साली बटण दाबून धरून सोडताच अंगाभोवती फिरणारा चक्री वार आला. या विद्येचा खरा विस्तार मात्र २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये झाला. तेथे अस्थिपंजर झालेला एक प्राचीन योद्धा सात गुप्त वार शिकवितो, आणि नवा वार देण्यापूर्वी शिष्याकडून आधीचा वार करून घेतो. ढालीचा धक्का देऊन शत्रू डळमळला, की त्याच्या डोक्यावरून झेप घेत शिरस्त्राणावर घाव घालायचा, हा त्यातील एक. म्यानातली तलवार शत्रू अगदी निकट येईपर्यंत न उपसता, उपसताच एका घावात त्याचा निकाल लावायचा, हा दुसरा, आणि मला तो सर्वांत कठीण वाटतो, कारण त्यात हातापेक्षा धीराची परीक्षा अधिक आहे. हा योद्धा म्हणजे १९९८ च्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम'चा नायकच होय. आपली विद्या पुढच्या पिढीला देता आली नाही, याची खंत त्याला मरणोत्तरही स्वस्थ बसू देत नाही.

ही खंत कोल्हापूरच्या मर्दानी खेळ या शस्त्रविद्येच्या वस्तादांना परकी वाटणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यशस्त्राचा मान दिलेल्या दांडपट्टा या लवचीक पात्याच्या तलवारीची मूठ म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. त्यात मनगट वळत नसल्यामुळे पट्ट्याचा वार खांद्यातून आणि गिरकी घेणाऱ्या सबंध देहातून निघतो, आणि खेळातील त्या चक्री वाराशी त्याचे साम्य आहे ते इथेच. माणसाच्या तळहातावर वा मस्तकावर ठेवलेले लिंबू, त्वचेला ओरखडाही न उमटता, त्या लवचीक पात्याने दुभंगते. पडद्यावर बटण दाबल्याने साधते, ते येथे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने साधावे लागते. म्हणूनच वस्ताद आधी लाठीवर पाय आणि पवित्रे पक्के बसवून घेतात, आणि मगच शिष्याला खोबळ्यात हात घालू देतात.