पिसदुऱ्याची तांबडी माती

पुणे शहराच्या भूमीचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, तर पाताळेश्वराच्या लेण्यात घटकाभर उभे राहावे. आठव्या शतकाच्या सुमारास ज्या काळ्या पाषाणात हे शिवालय कोरले गेले, तोच पाषाण पर्वतीच्या पोटात आहे, वेताळ टेकडीच्या खाणींत आहे, आणि शनिवारवाड्याच्या तटाचा पायाही त्याच्याच घडीव चिऱ्यांचा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून पुनःपुन्हा उसळलेला लाव्हारस थरावर थर चढवीत पसरला, निवाला, आणि त्यानंतरच्या प्रदीर्घ काळातील झीज सोसूनही आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्याच्या अंमलाखाली आहे. भूशास्त्रज्ञ यालाच दक्षिण ट्रॅप म्हणतात. अशा भूमीवर वस्ती करणाऱ्याने डायनोसॉरांचे अवशेष आपल्या परसात सापडतील अशी आशा बाळगू नये, हे उघड आहे. घाटरस्त्यांच्या कापलेल्या बाजूंत काळ्या थरांच्या मधून विटकरी रंगाची जी पट्टी धावताना दिसते, ती पाहून एखाद्या उत्साही प्रवाशाची आशा पालवते खरी. परंतु दोन लाव्हाप्रवाहांमधील विसाव्याच्या काळात तयार झालेली आणि वरून आलेल्या प्रवाहाने भाजून काढलेली ती माती जीवाश्मांच्या दृष्टीने बहुधा वांझच निघते.

मग या अग्निप्रलयापूर्वी येथे जी भूमी होती, जिच्यावर नद्या वाहत होत्या आणि प्राणी चरत होते, ती गेली कोठे? ती पाषाणाखाली गाडली गेली आहे, आणि तिचा ठाव कधीमधी अनपेक्षित निमित्ताने लागतो. १९९३ साली किल्लारीला जो भयंकर भूकंप झाला, त्याच्या कारणांचा तपास करण्यासाठी तेथे ६१७ मीटर खोल विंधनविवर घेण्यात आले; त्यात ३३८ मीटर काळा पाषाण भेदल्यावर केवळ आठ मीटर जाडीचा गाळाचा थर लागला, आणि त्याच्या खाली अतिप्राचीन स्फटिकी खडक. कोयनेच्या परिसरात घेतलेल्या विवरांत मात्र सव्वा किलोमीटरपर्यंत पाषाण भेदूनही गाळ असा लागलाच नाही; पाषाण संपला की थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पाया. यावरून एवढे निष्पन्न होते की ती जुनी भूमी सपाट नव्हती, आणि जेथे सरोवरे होती, नद्यांचे पूर पसरण्याजोगे सखल पट्टे होते, तेथेच गाळ साचून राहिला.

हा गाळ उघड्यावर, सूर्यप्रकाशात पाहावयाचा असेल तर ट्रॅपची सरहद्द जेथे विरळ होत जाते त्या पूर्व विदर्भात गेले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरात पिसदुरा आणि डोंगरगाव अशी दोन गावे आहेत. महसुली दप्तरात त्यांची मातब्बरी कितीशी असेल ते असो, पृथ्वीच्या इतिहासाच्या दप्तरात त्यांची नोंद ठळक आहे. येथील शेतांत जी तांबडी आणि क्वचित हिरवट चिकणमाती दिसते ती लॅमेटा नावाच्या शैलसमूहाची. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून हे नाव पडले. पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे नावारूपास आलेले कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली जबलपुरास काही अश्मीभूत हाडे सापडली. डायनोसॉर हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली रूढ केला, म्हणजे हाडे हाती आली तेव्हा ती ज्या प्राण्याची होती त्याला अद्याप नावही नव्हते. कलकत्त्यास पोचून तेथे दीर्घकाळ पडून राहिलेल्या त्या हाडांना रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले, आणि दोनच वर्षांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून त्याच कुळातील आणखी एक जाती वर्णन केली.

नागपूर इलाख्यातील जीवाश्मांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी. आज नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. पण धर्मोपदेश आणि अध्यापन सांभाळून त्यांनी शिंपले, पाने, मासे आणि हाडे यांची जी मोजदाद केली, तिची आठवण आता किती जणांस असेल, कोण जाणे. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून रात्री परतत असताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. डोंगरगावच्या थरांतील एका माशाला पुढे त्यांचे नाव लाभले.

चिकणमाती जीवाश्म का राखते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पुराचे पाणी पात्राबाहेर पसरले की त्याचा वेग मंदावतो, जड वाळू काठाशीच पडते, आणि अतिसूक्ष्म कण तेवढे दूरच्या सखल भागात जाऊन हळूहळू तळाशी बसतात. त्या मऊ, घट्ट आवरणाखाली झाकल्या गेलेल्या वस्तूस हवा आणि उपद्रवी जीव यांचा संसर्ग कमी होतो, आणि पाण्यात विरघळलेली खनिजे तिच्या छिद्राछिद्रांत शिरून तिचा कालांतराने दगड करतात. पिसदुऱ्याची माती ही अशा पूरमैदानाची आणि डोंगरगावचे थर हे सरोवराचे, असे मानले जाते. मातीत तयार झालेले चुन्याचे खडे त्या काळच्या हवामानाची साक्ष देतात: ओल्या आणि कोरड्या ऋतूंची तीव्र आलटापालट असलेला, बव्हंशी रुक्ष प्रदेश. त्या वेळी भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती आणि उत्तरेकडे सरकत चालली होती, ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे चंद्रपूरच्या आजच्या उन्हाळ्याशी त्या हवामानाची तुलना करण्याचा मोह आवरता येतो.

डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खणून काढला. कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत, तरी मान, पाठ, कंबर, शेपूट आणि पुढचा पाय यांची हाडे एकाच प्राण्याची, ही त्या काळापर्यंत भारतात दुर्मीळ गोष्ट होती. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस असे स्वतंत्र नाव मिळाले, ते सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. सुमारे अठरा मीटर लांबीचा हा प्राणी चंद्रपूरचा, हाडे कलकत्त्यात, आणि नाव आकडेमोडीच्या संस्थेचे. नामकरणाच्या या न्यायाविषयी तक्रार करण्यापूर्वी खणण्याचे कष्ट कोणी घेतले हे आठवावे.

परंतु पिसदुऱ्याची खरी दौलत हाडांत नाही. तेथील शेतांत विष्ठाश्म, म्हणजे प्राण्यांच्या मलाचे दगड झालेले गोळे, नांगराच्या फाळाने आणि पावसाने वर येतात. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली त्यांच्यावर निबंध लिहून आकारानुसार त्यांचे प्रकार पाडले. त्यांपैकी मोठे, एका हातात मावावेत एवढे गोळे टायटॅनोसॉर कुळातील शाकाहारी प्राण्यांचे असावेत, असा तर्क पुष्कळांनी केला. ज्या विषयाचे नाव पंगतीत काढता येत नाही त्याचा असा सविस्तर तपशील लिहिणाऱ्या मॅटलींना त्या काळी कोणी फारसे वाचले असेल असे वाटत नाही.

या गोळ्यांचे महत्त्व समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उसाचा पाला हाताला कापतो, कारण त्यात सिलिका असते. वनस्पती मातीतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषतात आणि ती पेशींत घट्ट होऊन बसते; गवतांच्या बाबतीत या सूक्ष्म कणांचे आकार इतके वैशिष्ट्यपूर्ण असतात की त्यांवरून बांबूचा गट, भाताचा गट असा भेद सूक्ष्मदर्शकाखाली करता येतो. पान कुजते, पचते, नाहीसे होते, कण राहतो. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमधील कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी पिसदुऱ्याचे विष्ठाश्म आम्लात विरघळवून उरलेला अंश तपासला, तेव्हा त्यात ताड, सूचिपर्णी आणि इतर वनस्पतींच्या कणांबरोबर गवतांचे निदान पाच प्रकारचे कण मिळाले. २००५ साली हे वृत्त प्रसिद्ध झाले. तोपर्यंतची सर्वमान्य समजूत अशी होती की गवते डायनोसॉरांच्या अंतानंतर उदयास आली. गवताचे खात्रीचे जुने अवशेष साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचेच होते. पाठ्यपुस्तकांतील डायनोसॉरांच्या चित्रांतून गवत कटाक्षाने वगळले जाई. ती चित्रे रंगवणाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या शेणाची जबानी घेतली नव्हती. पुढे २०११ मध्ये याच पिसदुऱ्याच्या अवशेषांवरून भाताच्या कुळाचे नातलगही तेव्हा अस्तित्वात होते, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या शोधाने आणखी एक गाठ सैल झाली. गोंडवानाथेर नावाच्या लहान सस्तन प्राण्यांच्या दाढा उंच, झिजण्यास टिकाऊ अशा असतात. असा एक प्राणी, भारतथेरिअम, बेळगाव जिल्ह्यातील गोकाकच्या अवशेषांतूनही ज्ञात आहे. गवत नसताना अशा दाढा कशाला, हा प्रश्न आता तितका अवघड उरला नाही. त्याउलट डायनोसॉर गवतावरच जगत होते, असा मात्र अर्थ काढू नये. गवताचे कण इतरांच्या मानाने थोडे आहेत. शिवाय अशाच विष्ठाश्मांत पानांवर वाढणाऱ्या बुरशींचे अवशेषही मिळाले आहेत. समोर येईल तो पाला ओरबाडून गिळण्याची त्या प्राण्याची रीत असावी.

तो प्राणी नेमका कोणता, याबद्दल मात्र पूर्ण एकमत नाही. अठरा मीटर लांबीच्या जीवाची विष्ठा इतकी लहान कशी, हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण जिराफासारख्या उंच प्राण्याच्या लेंड्याही लहानच असतात, तेव्हा केवळ आकारावरून निकाल देता येत नाही. खरी अडचण वेगळी आहे. यांपैकी पुष्कळसे गोळे शेताच्या पृष्ठभागावरून वेचलेले आहेत. ते कोणत्या थरातून निसटले आणि त्या थरात त्यांच्या शेजारी कोणाची हाडे होती, याचा दाखला वेचणीबरोबरच हरवतो. मातीत अजून जागच्या जागी बसलेले गोळे, थराची नोंद ठेवून, हाडांसह खणून काढले, तर या वादाला काही आधार मिळेल. आणि पिसदुऱ्याच्या शेतांखाली तशी माती अद्याप पुष्कळ आहे.