गाडीच्या छताचं कापड का लोंबतं? घरच्या घरी दुरुस्ती आणि त्यामागचं विज्ञान



आपल्यापैकी बरेच जण शाळेत ये-जा करायला जुनी, सेकंडहँड गाडी वापरतात. इंजिन चांगलं असतं, टायर चांगले असतात, पण आठ-दहा वर्षं झाली की छताचं आतलं कापड सुटायला लागतं. आधी मागच्या काचेजवळ छोटा फुगा येतो. मग तो वाढत वाढत पार डोक्याला लागतो. हे फक्त दिसायला वाईट नाही. राजूर घाटाच्या वळणावर आरशात मागची गाडी दिसण्याऐवजी लोंबणारं कापड दिसत असेल, तर ते धोक्याचं आहे. म्हणून ही दुरुस्ती वेळेवर करावी.

कापड नेमकं का सुटतं?

बहुतेकांना वाटतं, की गोंद सुटला म्हणून कापड सुटलं. खरं कारण वेगळं आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या छताला तीन थर असतात. सर्वांत वर, पत्र्याच्या बाजूला, साच्यात दाबून बनवलेला कडक पुठ्ठा. त्याखाली फोमचा पातळ थर. आणि आपल्याला दिसतं ते कापड. कापड फोमला चिकटलेलं असतं आणि फोम पुठ्ठ्याला. म्हणजे कापडाचा सगळा भार मधल्या फोमवर असतो.

हा फोम पॉलीयुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी हा पदार्थ पहिल्यांदा तयार केला. गादी, सोफा, भांडी घासायचा स्पंज, सगळीकडे तो आहे. पण उष्णता, ओलावा आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे तो हळूहळू कुजतो आणि त्याचा पिठासारखा भुगा होतो. सुटलेल्या कापडावर हात फिरवला की पिवळसर भुकटी हाताला लागते, ती हीच.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. काचेतून ऊन आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही. वरून छताचा पत्रा तापतो. त्यानंतर पावसाळ्याचा दमटपणा. फोम दोन्हीकडून मार खातो.

म्हणून हे उपाय टिकत नाहीत

कापडाला छिद्र पाडून आत गोंद सोडणं, किंवा कापड उचलून नुसता गोंद लावणं, हे फार दिवस टिकत नाही. कारण गोंद भुग्याला चिकटतो, पुठ्ठ्याला नाही. धुळीने भरलेल्या भिंतीवर चार्ट चिकटवल्यासारखं ते आहे. टाचण्या लावणंही टाळा. धक्क्याने टाचणी डोक्यावर पडते, आणि मागे लेकरं बसलेली असतात.

साहित्य

मागे फोम चिकटवलेलं छताचं नवं कापड, उष्णता सहन करणारा रबरी गोंद किंवा तसा स्प्रे, नायलॉनचा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, कटर, मास्क आणि हातमोजे. कापड सीट कव्हरवाल्याकडे विचारावं. जवळ नाही मिळालं तर अकोल्याला पाहावं. पुठ्ठ्याची लांबी-रुंदी मोजून चारही बाजूंनी चार-पाच इंच जास्त घ्या. लाकडाचा पांढरा गोंद चालत नाही, तो उष्णतेने मऊ पडतो.

कृती

१. आधी दारांजवळच्या खांबांवर पाहा. तिथे एअरबॅगचं चिन्ह असेल, तर छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. अशा गाडीचं छत घरी खोलू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

२. बॅटरीची वायर काढा. मग ऊन अडवायच्या फळ्या, वरचे हँडल, आतला दिवा, खांबांची प्लास्टिक कव्हरं आणि दाराची रबर बीडिंग काढा. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून नावं लिहा.

३. सीट मागे पाडून पुठ्ठा दोघांनी मिळून बाहेर काढा. तो वाकला की कायमची घडी पडते.

४. जुनं कापड ओढून काढा आणि ब्रशने सगळा भुगा झाडा. हाच सर्वांत महत्त्वाचा टप्पा. तळहात फिरवल्यावर हाताला काही लागलं नाही, तरच पुढे जा. घाई केली तर नवं कापडही लवकरच सुटेल. काही पुठ्ठ्यांत काचेचे तंतू असतात, म्हणून मास्क आणि हातमोजे वापरा.

५. कापड पुठ्ठ्यावर नीट पसरून अर्धं दुमडा. पुठ्ठ्याला आणि कापडाच्या फोमला, दोन्हीकडे पातळ गोंद लावा. बोट लावल्यावर चिकट वाटेल पण बोटाला येणार नाही, तोवर थांबा.

६. मधून कडेकडे तळहाताने दाबत कापड बसवा. खोलगट भागात आधी दाबा, ताणू नका. मग दुसरा अर्धा भाग तसाच करा.

७. कडा मागे दुमडून चिकटवा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दिवा-हँडलची छिद्रं कापून पुठ्ठा परत बसवा.

गोंदाची वाफ पेट घेते आणि डोकंही दुखवते. काम अंगणात, सावलीत करा. जवळ विडी, अगरबत्ती, गॅस नको. मुलांना लांब ठेवा.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कुशनवाल्याकडे जावं. फक्त एक प्रश्न नक्की विचारा: "जुना फोम पूर्ण काढणार ना?" उत्तर गोलमोल आलं, तर दुसरं दुकान बघा.

वर्गासाठी उपक्रम

परिसर अभ्यासाच्या तासाला एकाच स्पंजचे दोन तुकडे करा. एक शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवा, दुसरा कपाटात. दर महिन्याला मुलांनी रंग पाहावा, दाबून पाहावं आणि वहीत नोंद करावी. मग विचारा: कोणता तुकडा आधी बदलला? का? घरातल्या आणखी कोणत्या वस्तू उन्हाने अशा खराब होतात? मुलं बादली, दोरी, ताडपत्री अशी नावं आपणहून सांगतील.

नवं कापड बसवल्यावर गाडी शक्यतो झाडाच्या सावलीत लावा. काच बोटभर उघडी ठेवली तरी गरम हवेला वाट मिळते. फोमचं आयुष्य त्यानेच वाढतं.