चांदीचे नाणे आणि आकाशातील कवायत

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस चांदीचा रुपया नवा नाही. काठीच्या राजवाडी होळीला किंवा धडगावच्या बाजाराला गेलेल्या कोणीही पावरा आणि भिल्ल स्त्रियांच्या गळ्यातील रुपयांच्या माळा पाहिल्या असतील. राणीछाप किंवा राजाछाप रुपया, त्याला वर डाकलेली कडी, आणि कडीतून ओवलेला दोरा. चलन म्हणून तो रुपया केव्हाच संपला. तरी घरात तो तीन कामे करीत राहिला. तो दागिना झाला, अडीनडीची पुंजी झाला आणि आईने लेकीला दिलेली आठवणही झाला. स्मारक नाणे म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर या माळेपासूनच आरंभ केलेला बरा.

कोणत्याही नाण्याला तीन मोले असतात. पहिले त्यावर लिहिलेले, म्हणजे दर्शनी मूल्य. दुसरे त्यातील धातूचे. तिसरे त्यावरील छापाचे. कोणाची आठवण राहावी म्हणून ते पाडले, याचे. रोजच्या व्यवहारात आपण पहिले मोल पाहतो आणि सराफाच्या पेढीवर दुसरे. स्मारक नाणे मात्र तिसऱ्यासाठी जन्माला येते. स्वतंत्र भारताने अशी पहिली नाणी १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढली. ती निकेलची होती. चांदीचे १० रुपयांचे नाणे आले ते १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने.

आता एक वेगळा प्रसंग घेऊ. कॅनडाच्या हवाई दलाचे ‘स्नोबर्ड्‌स’ नावाचे पथक १९७१ पासून विमानांच्या कसरती लोकांना दाखवीत आले. २००६ साली तेथील टाकसाळीने त्या पथकाच्या गौरवार्थ ५ डॉलरचे चांदीचे नाणे काढले. राजा नाही, लढाई नाही, कोणाची जन्मशताब्दीही नाही. मग हा मान कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच सापडते. ज्या बीदरच्या बाजारपेठेत मराठी सहज कानी पडते, तेथील विमानतळावर १९९६ साली भारतीय वायुदलाचे ‘सूर्यकिरण’ पथक उभे राहिले. नऊ विमाने एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर राहून वळतात, उलटी होतात, पुन्हा ओळीत येतात. प्रत्येक वैमानिक शेजारच्या विमानावर नजर ठेवून असतो आणि सारे पुढाऱ्याच्या हुकमाने चालतात. येथे चूक झाली तर ती सुधारावयास वेळ मिळत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत बंगळूरजवळ सराव चालू असता या पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक प्राणास मुकला. २०११ मध्ये थांबलेले हे पथक काही वर्षांनी ‘हॉक’ विमाने घेऊन पुन्हा उभे राहिले होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तेव्हा गौरव केवळ कसरतीचा नसतो. दुसऱ्यावर प्राण सोपवून चालण्याच्या शिस्तीचा तो गौरव असतो.

परंतु ही धावती गोष्ट तळहाताएवढ्याही नसलेल्या चकतीवर आणावयाची कशी? आपल्याकडील मोठे स्मारक नाणे ४४ मिलिमीटर व्यासाचे असते. त्यावर नऊ विमाने कोरली तर एकेक विमान ज्वारीच्या दाण्याएवढे होणार, आणि उठाव मिलिमीटरच्या अंशाएवढाच मिळणार. म्हणून कलावंत विमानापेक्षा धुराच्या रेषांवर भर देतो. विमाने कोठून आली आणि कोठे वळली, हे त्या रेषाच सांगतात. कॅनडाच्या नाण्यावर यासाठी होलोग्रामचा उपयोग केला होता. चित्र ठरले की पोलादी ठसा तयार होतो. चांदीची मिश्र धातू ओतून तिची पट्टी लाटतात, पट्टीतून चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, धुतात आणि मग दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाखाली धरतात. संग्राहकांसाठीच्या खास नाण्यांचे ठसे आरशासारखे घासलेले असतात व नाण्यावर एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळे पार्श्वभूमी चकचकीत आणि चित्र दुधी दिसते.

चांदी किती, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आलाच असेल. जुना रुपया वजनाने एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० साली ती निम्म्यावर आली आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. गांधी शताब्दीचे नाणे १५ ग्रॅमचे व ८० टक्के चांदीचे होते. १९७२ सालचे स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १० रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे झाले, पण चांदी ५० टक्केच. म्हणजे नाणे दीडपट जड झाले आणि चांदी १२ ग्रॅमवरून ११.२५ वर आली! पुढे बरीच वर्षे ३५ ग्रॅमच्या नाण्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त असे प्रमाण राहिले. २०२३ साली नव्या संसदभवनानिमित्त काढलेले ७५ रुपयांचे नाणे याच घडणीचे. अलीकडे काही नाणी शुद्ध चांदीची निघाली आहेत. म्हणून घेणाऱ्याने टंच वाचूनच घ्यावे.

दुसरी एक गोष्ट गल्लत टाळण्यासाठी सांगितली पाहिजे. धनत्रयोदशीला पेढीवर मिळते ते लक्ष्मीचे ‘नाणे’ खरे पाहता नाणे नव्हे. ते पदक आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. त्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात आणि दर्शनी मूल्य असते. पदक कोणीही काढावे. नाण्यावर मात्र सर्व जनतेच्या वतीने सही झालेली असते.

आम्हांला चिंता वाटते ती येथेच. चांदीचा भाव चढला की सातपुड्यातील माळा मोडीत निघतात आणि मुशीत राणीछापाबरोबर आजीची आठवणही वितळते. गरज असलेल्या घराला याचा दोष देता येत नाही. पण विकण्यापूर्वी त्या माळेचे छायाचित्र काढावे, ती कोणाकडून आली हे लिहून ठेवावे, एवढे तर घरातील शिकलेल्या मुलाला करता येईल. उलट स्मारक नाणे घेणारा ते डबीत घालून कपाटात बंद करतो. तेथे छाप शाबूत राहतो, परंतु पाहणारे कोणी नसते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात पडले. ‘चले जाव’ चळवळीच्या सुवर्णमहोत्सवाची नाणी सरकारने काढली, त्यांत एक रुपयाचे चलनी नाणेही होते. भाजीवाल्याच्या हातून ते किती घरांत गेले असेल! तो रुपया दाखवून नातवाला त्या पाच जणांची गोष्ट सांगणारा आजोबा भेटला, की नाण्याचे तिसरे मोल पुरेपूर वसूल झाले असे समजावे.