अपडेट, लाइट आणि सेव्ह न केलेली फाइल

लोणावळ्यातल्या हॉटेलांचा धंदा शनिवारी रात्री भरात येतो. मुंबई-पुण्याच्या गाड्या घाटातल्या कोंडीतून सुटून उशिरा दारात लागतात आणि काउंटरवरचा माणूस एक्सेलमध्ये खोल्यांची नोंद करत असतो. विंडोजच्या लेखी मात्र तेव्हा कामाची वेळ संपलेली असू शकते. 2016 साली विंडोज 10 मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' ही सोय आली. त्या वेळेत अपडेटसाठी मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. सुरुवातीला ही वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशी लावून दिलेली होती. कचेरीला ती चालते, पर्यटनावर जगणाऱ्या गावाला नाही.

त्यामुळे 'अपडेट न विचारता कधीही येतं' हा समज पसरला. खरं तर अपडेट मागच्या मागे उतरतं, मग रिस्टार्टसाठी सूचना येत राहतात. गर्दीच्या वेळी आपण त्या बाजूला सारतो आणि शेवटी मशीन अ‍ॅक्टिव्ह अवर्सबाहेरची वेळ निवडतं. ही वेळ सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये बदलता येते, जास्तीत जास्त 18 तासांपर्यंत. हॉटेलवाल्याने सकाळी 8 ते रात्री 2 ठेवली, तर शनिवार निभावतो. सुट्ट्यांच्या हंगामात अपडेट काही आठवडे 'पॉज'ही करता येतं.

पण मुळातला गैरसमज वेगळाच आहे: 'स्क्रीनवर दिसतंय, म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये आहे.'

वडगाव मावळला एखाद्या टायपिंगच्या दुकानात कुणी खरेदीखताचा मसुदा टाइप करून घेत असेल, तर सेव्ह करेपर्यंत त्यातला नवा मजकूर फक्त रॅममध्ये असतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज तुटली की हे भरणं थांबतं आणि मजकूर संपतो. रिस्टार्टमध्ये रॅमची मांडणी नव्याने होते, परिणाम तोच. कंट्रोल-एस दाबल्यावरच मजकूर डिस्कवर उतरतो आणि तिथे तो विजेवाचून टिकतो. मावळात जून ते सप्टेंबर हा हिशेब रोजचा आहे. पावसात लाइट गेली की कसलंही अपडेट नसताना तेवढंच काम जातं. डेस्कटॉपला यूपीएस असेल, तर निदान सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो, आणि पावसाळी गावातल्या दुकानाने तो घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

एक प्रश्न नेहमी येतो: रिस्टार्टनंतर नोटपॅड जसंच्या तसं परत आलं, मग दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं काम का नाही आलं? बंद होण्याआधी विंडोज प्रत्येक चालू प्रोग्रामला तसा निरोप देतं. त्यावर काय करायचं, हे तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. विंडोज 11 मधलं नोटपॅड 2023 पासून न सेव्ह केलेला मजकूरही आपणहून जपतं. चिक्कीच्या दुकानात हिशेब टॅलीत असेल, तर स्वीकारलेलं प्रत्येक व्हाउचर त्याच क्षणी नोंदलं जातं, स्क्रीनवर अर्धवट असलेलं तेवढं जातं. जुन्या किंवा खास बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असेलच असं नाही.

'ऑटोसेव्ह आहे, चिंता नाही' हा त्याहून फसवा समज. वर्ड-एक्सेलमधलं ऑटोसेव्ह वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवलेल्या फायलींसाठी चालतं. फाइल डी ड्राइव्हवर असेल, तर वरचं बटण बंदच दिसेल. तिथे कामाला येतं ते ऑटोरिकव्हर. ते मूळ फाइल सेव्ह करत नाही, ठरावीक वेळाने वेगळी प्रत काढून ठेवतं. ही वेळ मुळात 10 मिनिटांची असते. दहाव्या मिनिटाच्या जरा आधी मशीन बंद पडलं, तर त्या दहा मिनिटांचं टायपिंग गेलं. वर्डच्या ऑप्शन्समधल्या 'सेव्ह' विभागात हा आकडा 1 किंवा 2 वर आणता येतो.

सेव्ह केलेल्या फायली अपडेट पुसतं का? सहसा नाही. पण एकदा तसं घडलं आहे आणि ते लपवून उपयोग नाही. 2 ऑक्टोबर 2018 ला आलेल्या विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीने काहींच्या फायली खरोखर पुसल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसऱ्या जागी वळवले होते, पण काही फायली जुन्या जागी राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर रिकामा समजून आतल्या फायलींसह काढला गेला. अशा तक्रारींचं प्रमाण मायक्रोसॉफ्टने दहा हजारांत एक असं सांगितलं, पण ज्याची फाइल गेली त्याला त्याचा काय दिलासा! चारच दिवसांत वितरण थांबवलं गेलं आणि दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये आली. मोठ्या अपडेटआधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढायची ती यासाठी.

एवढं ऐकल्यावर 'मग अपडेट बंदच करून टाकू' असं वाटतं. त्याची किंमत आपल्याच घाटाखाली मोजली गेली आहे. 27 जून 2017 ला नॉटपेट्या हा व्हायरस जगभर पसरला आणि न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांचा माल ज्या बंदरातून जातो, तेच हे बंदर. या व्हायरसने वापरलेली विंडोजमधली फट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 14 मार्चला बुजवली होती, तीन महिने आधी. पासवर्ड चोरून तो अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरत होता आणि त्याचा पहिला शिरकाव तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, हेही खरं. तरीही उघडी फट तशीच ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. विंडोज 10 चं नेहमीचं मोफत पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं आहे. त्यावर चालणारं मशीन आता अपडेट मागत नसेल, तर ती निश्चिंतीची खूण समजू नये.

सरकारी पोर्टलवर भरत असलेला अर्ज गायब झाला, तर बहुतेकदा सत्राची मुदत संपलेली असते. विंडोजचा त्यात संबंध नसतो. लांब मजकूर आधी वर्डमध्ये लिहून सेव्ह करावा, मग तिथे चिकटवावा.

आणि फाइल गेलीच, तर घाईने नवी फाइल सुरू करू नका. आधी वर्ड उघडा. डाव्या बाजूला वाचवलेल्या प्रतींची यादी आली, तर त्यातली सर्वांत अलीकडची प्रत लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करा. यादी नाही आली, तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने 'रिकव्हर अनसेव्ड डॉक्युमेंट्स'वर जा. एक्सेलमध्ये तिथेच 'रिकव्हर अनसेव्ड वर्कबुक्स' मिळेल. या तात्पुरत्या प्रती काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, म्हणून शोध त्याच दिवशी घ्या.