नर की मादी? जिवाणूही ठरवतो!

लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेपासून कोल्हापूर-सांगलीच्या फडापर्यंत खोडकिडीवरचा एक उपाय ओळखीचा आहे: ट्रायकोकार्ड. त्यावरच्या अंड्यांतून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक बाहेर पडतो आणि किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. हे काम फक्त मादीचे. कार्डांवरच्या नेहमीच्या जातीत नर-मादी दोन्ही असतात. पण ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत नर जन्मतच नाहीत. त्यामागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू आहे. त्याच्याविषयीचे तीन गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १: कीटकाचे लिंग त्याची स्वतःची गुणसूत्रेच ठरवतात.
वस्तुस्थिती: ट्रायकोग्रामाच्या फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. पण अंड्यात वोल्बाकिया असला, की अफलित अंड्यातला गुणसूत्रांचा एकेरी संच दुप्पट होतो आणि मादीच जन्मते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा माद्यांना प्रतिजैविक दिले, तेव्हा त्यांना पुन्हा नर होऊ लागले.

गैरसमज २: हा जिवाणू सगळीकडे नरांच्या माद्या करतो.
वस्तुस्थिती: वोल्बाकिया पुढच्या पिढीत जातो तो आईच्या अंड्यातून, शुक्राणूतून नाही. त्यामुळे माद्या वाढण्यात त्याचा फायदा असतो. मार्ग मात्र वेगवेगळे. आपल्याकडेही दिसणाऱ्या 'मोठा चांदवा' फुलपाखरात तो नर-भ्रूण मारतो. सामोआ बेटांवर २००१ साली शंभर माद्यांमागे जेमतेम एक नर उरला होता. पुढे जिवाणूला दाबणारे जनुक फुलपाखरांत पसरले आणि २००६ पर्यंत नरांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर आले. डासांत तर तो लिंगाला हातच लावत नाही: जिवाणू असलेला नर आणि नसलेली मादी यांच्या मीलनातली अंडी उबतच नाहीत.

गैरसमज ३: असा कीटक चावला, तर माणसालाही बाधा होईल.
वस्तुस्थिती: वोल्बाकिया माणसाच्या शरीरात वस्ती करत नाही. मात्र हत्तीरोगाच्या जंतांना जगायला आणि प्रजननाला तो लागतो. डॉक्सिसायक्लिनने तो मेला, की जंताची मादी वांझ होते. म्हणूनच लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत जंताबरोबर या जिवाणूचाही अभ्यास झाला आहे. उत्तर प्रदेशाप्रमाणे विदर्भालाही हा आजार छळतो.

कीटकाच्या शरीरातला प्रत्येक जिवाणू म्हणजे रोग नव्हे. आणि शेतकऱ्याने ध्यानात ठेवायचे ते असे: कार्डातून कोणत्याही वाणाचा मित्रकीटक निघो, कार्ड लावल्यावर फडात रासायनिक फवारणी टाळा. औषध कीड आणि मित्र असा भेद करत नाही.