कस्तुरी : वासावर जाऊ नका!

दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा गार पडलेल्या रुग्णाला मधातून चिमूटभर कस्तुरी चाटवावी, असे जुनी माणसे अजूनही सांगतात. बाजारात, जत्रेत एखादा फिरता विक्रेता केसाळ कातड्याची गोल पिशवी दाखवून ‘अस्सल नाभा’ म्हणून विकतो. ‘डॉक्टर, ही खरी आहे का?’ असे विचारत काही जण पुडी माझ्यापुढे ठेवतात. म्हणून आज कस्तुरीविषयी.

हिमालयात उंचावर राहणाऱ्या कस्तुरीमृगाच्या नराला बेंबीजवळ एक ग्रंथी असते. तिच्यातला वाळलेला स्राव म्हणजे कस्तुरी. एका मृगापासून ती साधारण २५ ग्रॅमच मिळते. भावप्रकाशात कामरूप, नेपाळ आणि काश्मीर अशा तीन ठिकाणच्या कस्तुरीचे वर्णन असून कामरूपची श्रेष्ठ मानली आहे. माल दुर्मिळ, म्हणून भेसळही जुनीच. वाळलेले रक्त किंवा माती कातड्यात भरून नाभा बनवतात.

घरची परीक्षा कितपत खरी?

हिंगात बुडवलेला दोरा नाभ्यातून ओढायचा. हिंगाचा वास गेला तर कस्तुरी खरी, असे म्हणतात. या परीक्षेवर विसंबू नये. १८८८ साली बाउर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला स्फोटक द्रव्यांवर काम करताना कस्तुरीसारखा वास देणारे कृत्रिम रसायन सापडले. तेव्हापासून असे वास कारखान्यात तयार होतात आणि अत्तरात, साबणात पडतात. असे चार थेंब मातीत मुरवले तरी हिंगाचा वास दबतो. म्हणजे वास आला तरी औषध आहे, असे ठरत नाही.

खऱ्या कस्तुरीचा वास मुख्यतः मस्कोन या द्रव्याचा. ते १९०६ साली वेगळे काढले गेले आणि १९२६ साली रुझिचका यांनी त्याची रचना उलगडली. चीनमध्ये कस्तुरी आजही औषधात वापरतात. तिथल्या औषधसंहितेप्रमाणे कस्तुरीत मस्कोन किमान २ टक्के असावे लागते आणि ते गॅस क्रोमॅटोग्राफी यंत्रावर मोजतात. भेसळ ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालीही तपासतात. नाकाने किंवा दोऱ्याने हे होणारे नाही. १९९० च्या दशकापासून तिथे कृत्रिम कस्तुरीही औषधात वापरली जाते.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याची शिकार किंवा कस्तुरीचा व्यापार केल्यास ३ ते ७ वर्षे कैद होऊ शकते. तेव्हा रस्त्यावर मिळणारी ‘कस्तुरी’ एक तर खोटी असते, नाहीतर बेकायदा. आयुर्वेदात तिच्याऐवजी लताकस्तुरीचे, म्हणजे भेंडीच्या कुळातल्या एका वनस्पतीचे, सुवासिक बी वापरतात.

हे लक्षात ठेवा

कस्तुरीभैरव रसासारख्या औषधात कस्तुरीबरोबर हिंगूळ आणि बचनागही असतो. हिंगुळात पारा असतो, तर बचनाग हृदयावर विषारी परिणाम करू शकतो. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय असे औषध घेऊ नये. तान्ह्या बाळाला तर अनोळखी पुडी मुळीच चाटवू नये.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाला आधी पुडी चाटवून, तासभर वाट पाहून मग दवाखान्यात आणल्याचे मी पाहिले आहे. हृदयविकारात तो तास फार मोलाचा असतो. छातीत कळ, धाप, झटके किंवा बेशुद्धी असेल तर पुडी शोधत बसू नका. लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.