मुलाचे पाप आणि बापाचा हिशेब

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावी एखाद्या घरचा मुलगा जुगारी किंवा दारूबाज निघाला, की पहिला बोल त्याच्या बापास लागतो. आणि शिक्षा पुष्कळदा बहिणीस भोगावी लागते, तिचे ठरत आलेले लग्न मोडते. हा लोकन्याय धर्माच्या नावावर चालतो, म्हणून धर्मग्रंथ काय म्हणतात हे पाहणे अवश्य आहे. खामगाव-बुलढाण्याकडे अमेरिकन मिशनऱ्यांच्या द्वारे ख्रिस्ती धर्म येऊन शंभरावर वर्षे लोटली. तरी या प्रश्नावर त्याचे मत काय, हे येथील फार थोड्यांस ठाऊक असेल.

बापाच्या अधर्माचे फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीस भोवते, असे बायबलातील दहा आज्ञांत आहे खरे. परंतु तेथे ओझे वरून खाली येते, खालून वर चढत नाही. पुढे यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, अठराव्या अध्यायी, दोन्ही वाटा बंद केल्या आहेत: पुत्राचे पाप पित्यास नाही, पित्याचे पुत्रास नाही. आपल्या वाल्या कोळ्यास घरच्यांनी दिलेले उत्तर याहून फारसे निराळे नव्हते.

मग बाप सुटला काय? एली याजकाचे पुत्र यज्ञाचे मांस बळाने घेत व मंदिराच्या दारी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. एलीस सर्व कळले होते. त्याने चार शब्द ऐकविले, पुत्रांस पदावरून दूर केले नाही, आणि त्याच मांसावर घराणे पोसले. त्याच्यावर कोप झाला तो याबद्दल. उलट शमुवेलाचे पुत्र लाच खाऊन न्याय विकीत, तरी त्यासाठी शमुवेलास दंड झाल्याचे त्या ग्रंथात आढळत नाही. गुमास्ता मापात मारतो हे जाणून जो शेट नफा पदरात घेतो, त्याच्या नावे पडणारी रक्कम गुमास्त्याची नसते, त्याची स्वतःची असते. व्यापाऱ्यांस हे अधिक सांगणे नको.

आपला कायदाही येथेच येऊन पोचला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. मात्र आपणास ठाऊक नव्हते, किंवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, असे त्याने सिद्ध केल्यास तो सुटतो. बहिणीचा उल्लेख त्या कलमात कोठेही नाही. भावाच्या वर्तनावरून मुलगी नाकारणाऱ्या गृहस्थांनी आपला आधार कोणता, हे कळवावे. आमचे स्तंभ त्यांस मोकळे आहेत.